हाळी

रेडिंगमधल्या त्या घरात गारठा शिरला तो ऑक्टोबरअखेरीस, विलायतेत घड्याळं तासभर मागं करतात त्या आठवड्यात. त्यामुळं पहिला आळ आला घड्याळावरच. निखिलनं हीटिंगचा टायमर उघडून पाहिला, वेळ बरोबर होती. मग आळ आला थर्मोस्टॅटवर. मग बॉयलरवर. आणि मधल्या एका संध्याकाळी मृणालनं, भाजी चिरता चिरता सहज आठवल्यासारखं करून, विचारलं, "आई, दुपारी तुमच्याकडून चुकून कुठलं बटण तर नाही ना दाबलं गेलं?"

आईंनी काही दाबलं नव्हतं. "नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून जिन्याशेजारच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या पांढऱ्या डबीजवळून जाताना त्या पदर सावरून जाऊ लागल्या.

गोष्ट पुढं नेण्याआधी तिकडच्या अशा घरांना ऊब कशी मिळते ते सांगायला हवं. आपल्याला गीझर माहीत. हे प्रकरण जरा मोठं असतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसचा बॉयलर. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपांतून घरभर फिरवतो. खोल्याखोल्यांत खिडकीखाली पत्र्याचे चपटे रेडिएटर असतात, त्यांतून हे पाणी वाहतं आणि खोली उबदार होते. त्याच बॉयलरचं पाणी दुसऱ्या वाटेनं वरच्या मजल्यावरच्या एका कपाटात जातं. तिथं अंघोळीच्या पाण्याची उभी तांब्याची टाकी असते. टाकीच्या पोटात नळीचं वेटोळं. त्यातून बॉयलरचं पाणी फिरलं की टाकीतलं पाणी तापतं. या टाकीला तिकडं सिलिंडर म्हणतात. आईंनी पहिल्याच दिवशी तिला बंब म्हटलं, नऊ वर्षांच्या ओवीनं तेच उचललं, आणि मलाही तेच सोयीचं वाटतं. सिलिंडर म्हटलं की आपल्याला नंबर लावावासा वाटतो.

तर बॉयलर एक आणि वाटा दोन. कुठल्या वेळी कुठल्या वाटेनं पाणी सोडायचं, हे सांभाळायला प्रत्येक वाटेवर विजेवर उघडझाप करणारा एकेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. या मांडणीला तिकडचे फिटर 'एस प्लॅन' म्हणतात. (एकाच तीनतोंडी व्हॉल्व्हवर दोन्ही वाटा सांभाळणारा 'वाय प्लॅन'ही असतो, ती डोकेदुखी निराळी, तिच्यात आज शिरायला नको.) खोलीतल्या थर्मोस्टॅटला गार वाटलं की रेडिएटरच्या व्हॉल्व्हला वीज मिळते. व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या डबीत एक छोटी मोटर असते, ती दातेरी चाकं फिरवते आणि झडप उघडते. झडप पुरती उघडत आली की आतला दांडा एका बारक्या स्विचला दाबतो, आणि त्या स्विचमधून बॉयलरला व पंपाला निरोप जातो की वाट मोकळी आहे, आता पेटा. थर्मोस्टॅटचं समाधान झालं की मोटरची वीज तुटते आणि स्प्रिंग झडप मिटवून टाकते. वाट बंद असताना बॉयलरनं उगाच पेटू नये म्हणून ही सगळी योजना. योजना शहाणपणाची आहे. मात्र तिच्यात निरोप्या एकच आहे, आणि तो बोटाच्या पेराएवढा आहे.

निखिलनं सुरुवातीला संगणकवाले करतात तेच केलं, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. मग रेडिएटरमधली हवा काढली. मग नवा थर्मोस्टॅट आणून बसवून घेतला. घर गारच. थर्मोस्टॅटवर आकडा एकवीसचा आणि दिवाणखान्यात चौदा-पंधरा. ओवी टोपी घालून गृहपाठ करायची.

पहिला फिटर आला सकाळी आठला. घरात अंघोळींची धांदल चालू होती. त्यानं खोल्याखोल्यांतून फिरून रेडिएटरना हात लावला, सगळे गरम. बॉयलर पाहिला, पेटलेला. "तुमचं घर तर छान गरम आहे," असं म्हणून तो भेटीचे पैसे घेऊन गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचला असेल-नसेल तोवर रेडिएटर निवायला लागले.

दुसरा आला एका शनिवारी दुपारी. या वेळी बॉयलर गप्प होता. त्यानं टायमरपाशी जाऊन हीटिंग आणि गरम पाणी अशी दोन्ही बटणं चालू केली. बॉयलर भप् करून पेटला. त्यानं पंधरा मिनिटं वाट पाहिली, बॉयलर चालूच. मग त्यानं मान हलवली. अधूनमधून होणारा बिघाड शोधण्यात पैसे घालवू नका, बॉयलर चौदा वर्षांचा झालाय, बदलून टाका. अंदाजे अडीच हजार पौंड. शिवाय पाइपांत काळा गाळ साचला असणार, तोही धुऊन घ्या, त्याचे वेगळे.

हे दोघे लबाड होते असं मला वाटत नाही. गाळ खरोखरच साचतो, लोखंड गंजून पाणी काळं होतं. पण गाळ बसला की रेडिएटर खालून गार राहतो नि वरून तापतो. हवा अडकली की बरोबर उलटं. इथं तर घरातले सगळे रेडिएटर एकदम तापायचे आणि एकदम निवायचे. दोन्ही फिटर घटकाभर आले, घटकाभरात जे दिसलं त्यावर बोलले. दिवसभर त्या घरात बसलेलं माणूस दुसरंच होतं.

आई फलटण तालुक्यातल्या. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या. साडेआठला निखिल, मृणाल आणि ओवी बाहेर पडले की घर त्यांचं एकटीचं. सकाळी रेडिएटरवर हात शेकता यायचा. नऊ-साडेनऊपासून घर गार पडायला लागायचं. मग स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुन्हा थोडी ऊब यायची आणि आठ वाजायच्या आत जायची.

वरच्या मजल्यावरच्या बंबाच्या कपाटाशी आईंची चांगलीच ओळख झाली होती, कारण विलायतेच्या थंडीत विरजण लागण्याजोगी घरात तेवढीच एक जागा. रात्री दुधाचं भांडं बंबाशेजारच्या फळीवर ठेवायचं, सकाळी कवडीसारखं दही. इडलीचं पीठही तिथंच फुगायचं. भांडं ठेवताना-काढताना त्यांना पाइपांवर बसवलेल्या त्या दोन डब्या दिसायच्या. एक उजवीकडं, एक डावीकडं, दोन्हींना बाजूला लहानसा दांडा. संध्याकाळी साडेपाचला उजवी डबी घुरघुरायची, टक् व्हायचं, आणि खाली स्वयंपाकघरात बॉयलर पेटायचा. त्या आवाजानंतर थोड्या वेळात दिवाणखान्याचा रेडिएटर तापायचा. डावी डबी कधी दिवसा घुरघुरायची नाही, पण हात जवळ नेला तर सदा कोमट असायची.

आईंना यातलं यंत्र काही कळत नव्हतं. पण स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. इथं दुधाचा हिशेब नव्हता. मग त्या चौकटींत त्यांनी ऊब लिहायला सुरुवात केली. 'स. ७ ते ९ गरम. दु. गार. सं. ६ ते ७॥ गरम.' रोज जवळपास तेच.

नरकचतुर्दशीला निखिलकडं दोन मित्रांची कुटुंबं मुक्कामाला आली. एवढ्या माणसांना पाणी पुरायचं कसं, म्हणून मृणालनं आदल्या रात्रीच गरम पाण्याचा टायमर सोडून बटण सतत चालूवर टाकून ठेवलं. पहाटे पाचपासून उटणं, तेल, मोती साबण. एक जण बाहेर येतोय तोवर दुसरा आत. बंब रिकामा व्हायचा, पुन्हा तापायला लागायचा. आणि त्या दिवशी घर दुपारपर्यंत उबदार राहिलं. पाहुण्यांपैकी एक म्हणालासुद्धा, "काय रे, तू तर बॉयलर बदलायच्या गोष्टी करत होतास?" मृणाल हसली, "सणासुदीला लाजलाय तो." दुसऱ्या दिवशी बटण पुन्हा टायमरवर आलं आणि घर पुन्हा गार.

आईंनी चौकटीत लिहिलं: 'दुपारपर्यंत ऊब. अंघोळी ११.' रात्री ताटावर त्यांनी विषय काढला.

"निखिल, सगळ्यांच्या अंघोळी असल्या ना, की घर गरम राहतं बघ."

निखिल मनापासून हसला. "आई, अंघोळीनं माणूस गरम होतो गं. घर नाही."

ओवीही हसली. आई पुन्हा काही बोलल्या नाहीत. ज्या वाक्यासाठी दोन फिटरना पैसे मोजून झाले होते ते वाक्य ताटावर वाढलं गेलं होतं, आणि तसंच उष्टं राहिलं. निखिल ऑफिसात काय करतो तर एका बँकेच्या एका प्रणालीतून दुसरीत जाणारे निरोप मध्येच कुठं गळतात हे शोधतो. त्याचा पगार त्याचा.

बॉयलरच्या कराराच्या कागदावर सही करायची ती राहिली होती फक्त. मृणालच्या ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं, आमच्याकडं येणारा एक म्हातारा फिटर आहे, आता फारशी कामं घेत नाही, पण सही करायच्या आधी त्याला एकदा दाखव. तो आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, ओवीला शाळेची सुट्टी होती आणि मृणाल घरून काम करत होती. त्यानं अंगातला कोट काढला नाही. बॉयलरकडं पाहिलंही नाही. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला तो असा: दिवसभर घरात कोण असतं?

"माझ्या सासूबाई," मृणाल म्हणाली. "पण त्यांना यातलं काही माहीत नाही."

"त्यांना बोलवा."

दुभाषी म्हणून ओवी मध्ये उभी राहिली. म्हाताऱ्यानं विचारलं, घर गरम केव्हा असतं? आईंनी काही न बोलता कालनिर्णय खिळ्यावरून काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. त्याला ती बाळबोध अक्षरं काय कळणार! पण ओवी एकेक चौकट वाचत गेली आणि तो आपल्या वहीत आकडे उतरवत गेला. सकाळी सात ते नऊ. सहा ते साडेसात. एक दिवस दुपारपर्यंत. त्या दिवशी काय होतं? अंघोळी. किती? अकरा. मग तो उठला, टायमरवर गरम पाण्याच्या वेळा कोणत्या लावल्यात ते पाहून आला. सकाळी साडेसहा ते साडेआठ. संध्याकाळी साडेपाच ते सात. रेडिएटर तापायला आणि निवायला लागणारा वेळ धरला, तर आईंच्या नोंदीला ते तंतोतंत जुळत होतं.

"वर जाऊ या," तो म्हणाला.

कपाट उघडल्यावर आईंनी आधी आपलं दह्याचं भांडं काढून घेतलं. त्याला त्यानं हरकत घेतली नाही.

त्यानं काय काय केलं ते मी जरा सावकाश सांगतो. असा तपास बघायला मला आवडतं, आणि घाई केली तर त्यातली गंमत जाते. आधी त्यानं मृणालला सांगून गरम पाण्याचं बटण पूर्ण बंद करवलं. नुसतं हीटिंग चालू ठेवलं आणि थर्मोस्टॅट वर चढवला. मग डाव्या डबीच्या बाजूचा तो लहानसा दांडा बोटानं हलवून पाहिला. दांडा लुळा होता, विरोध न करता इकडून तिकडं जात होता. याचा अर्थ आतल्या मोटरनं झडप आधीच उघडून धरली आहे. झडप मिटलेली असती तर दांड्याला स्प्रिंगचा ताण लागला असता. म्हणजे थर्मोस्टॅट ठीक, मोटर ठीक. डबी कोमट का, तेही यातूनच. झडप उघडी ठेवायची तर मोटरला स्प्रिंगच्या विरुद्ध सतत जोर धरून उभं राहावं लागतं. ती फिरत नसली तरी वीज खातच असते. ही मोटर दिवसच्या दिवस वाट उघडून उभी होती. आणि खाली बॉयलर थंडगार.

मग त्यानं पलीकडच्या वायरींच्या पेटीचं झाकण काढलं आणि मीटरची टोकं लावली. या व्हॉल्व्हमधून पाच तारा निघतात. निळी आणि हिरवी-पिवळी आपल्या ओळखीच्या, न्यूट्रल आणि अर्थिंग. तपकिरी तार थर्मोस्टॅटकडून मोटरला वीज आणते. तिथं मीटरनं दोनशे तीसच्या आसपास दाखवलं. करडीत कायमची वीज असते, थर्मोस्टॅट चालू असो वा बंद, तिथंही तेवढीच. राहिली नारिंगी. तो बारका स्विच दाबला गेला की करडीतली वीज नारिंगीत उतरते आणि बॉयलरकडं निघते. नारिंगीवर मीटर शून्य.

आता त्यानं मृणालला खाली पाठवून गरम पाण्याचं बटण चालू करवलं. उजवी डबी घुरघुरली, टक् झालं, बॉयलर पेटला. आणि डाव्या व्हॉल्व्हच्या नारिंगीवर, जिथं घटकेपूर्वी शून्य होतं, तिथं मीटरनं दोनशे तीस दाखवलं.

मघा मी म्हटलं तो निरोप्या प्रत्येक व्हॉल्व्हचा एकेक, पण निरोपाची वाट सामाईक. दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी तारा पेटीत एकाच खिळीला जोडलेल्या असतात, कारण बॉयलर एकच. कुणीही हाक मारली तरी त्यानं पेटायचं. त्यामुळं गरम पाणी चालू असताना तपासलं तर डावा व्हॉल्व्हही बोलतोय असंच दिसणार. पहिला फिटर अंघोळींच्या वेळी आला. दुसऱ्यानं दोन्ही बटणं एकदम दाबली. उजव्याच्या हाकेनं बॉयलर पेटला, डाव्यानं दार उघडूनच ठेवलं होतं, गरम पाणी रेडिएटरांत आलं, आणि दोघांनाही सगळं आलबेल दिसलं.

म्हातारा हे ओवीला समजावत होता आणि ओवी ते मराठीत सांगताना अडखळत होती. व्हॉल्व्ह उघडतो, पण तो बॉयलरला... म्हणजे त्याच्यात एक स्विच आहे... तो सांगतच नाही...

"कळलं," आई म्हणाल्या. "दारं धरलंय, पण हाळी दिली नाही."

ओवीला हे कळेना. मग आई कपाटाच्या उंबऱ्याला टेकून बसल्या आणि कित्येक आठवड्यांत बोलल्या नव्हत्या एवढं बोलल्या. "आमची विहीर खाली ओढ्याला आणि ऊस वर माळाला. विहीर भावकीची, चुलत्यांची न् आमची एक. थोरला भाऊ उसात दारं धरायचा. वाफा फोडून ठेवला की तो वरनं हाळी द्यायचा, 'टाका मोटर!' आणि विहिरीवर आमचे बाबा स्टार्टर दाबायचे. वारं उलटं असलं की हाळी खाली यायचीच नाही. दादा तिकडं वाफ्यात ताटकळतोय, पाणी नाही. मग कधी चुलत्याच्या रानातनं हाळी आली की मोटर सुरू, आणि आमचा वाफा फोडलेलाच, मग त्यातही पाणी यायचं. चुलत्याचं भिजणं संपलं की मोटर बंद, की आमचंही पाणी बंद. घरी आल्यावर बोलणी कुणाला? तर बाबांना. विहिरीवर झोपा काढता म्हणून! त्यांना बिचाऱ्यांना ऐकूच आलेलं नसायचं."

ओवीनं हे सगळं इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण म्हाताऱ्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आपल्या वहीत बिघाडाच्या रकान्यात काहीतरी लिहिताना तो हसत होता.

दुरुस्ती लहानच होती. त्यानं भिंतीवरचा हीटिंगचा स्वतंत्र स्विच बंद केला, त्यातला तीन अँपियरचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि करडी तार खरोखर निर्जीव झालीय हे मीटरनं पाहिलं, मगच पेटीत हात घातला. डबी खालच्या पितळी भागापासून सोडवली. या बनावटीत पाणी न उपसता डबी निघते. जुन्या काही बनावटींत निघत नाही, तिथं काम वाढतं. डबी निघाल्यावर झडपेचा उघडा दांडा त्यानं पकडीनं हलका फिरवून पाहिला. सहज फिरला, म्हणजे खाली काही धरलेलं नाही. नवी डबी बसवली, पाच तारा रंगाला रंग जोडल्या, फ्यूज परत घातला.

जुनी डबी त्यानं ओवीच्या हातात दिली. आत अंगठीच्या खड्यासारखी चकचकीत पितळी चाकं, एक वेटोळ्याची स्प्रिंग आणि कडेला तो काळा स्विच. ओवीनं नखानं दाबला, टक् वाजलं. सोडला, पुन्हा टक्. म्हाताऱ्यानं त्याच्या दोन टोकांना मीटर लावून तिला पुन्हा दाबायला सांगितलं. टक् वाजलं, मीटरचा आकडा हलला नाही. आतले संपर्काचे ठिपके जळले होते. पंपाची आणि बॉयलरची वीज त्याच चिमुकल्या ठिपक्यांतून जाते. दर उघडमिटीला बारीकशी ठिणगी उडते आणि वर्षानुवर्षं ठिपके काळे पडत जातात. बाहेरून काही दिसत नाही. आवाजही नेहमीचाच येतो.

गरम पाण्याचं बटण बंद होतं, दुपारचे साडेतीन झाले होते, आणि दिवाणखान्यातला रेडिएटर तापला. मृणालनं त्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग ती आईंकडं वळून म्हणाली, "आई, मी तुम्हाला बटणाचं विचारायला नको होतं."

"विचारलंस ते बरं केलंस," आई म्हणाल्या. "पण मग मी काय सांगतेय तेही विचारायचं होतं."

रात्री निखिल आला, सगळी हकीकत ऐकली, मीटर, नारिंगी तार, विहीर, चुलते, सगळं. जेवताना तो म्हणाला, "आई, तुला एवढं दिसत होतं तर तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. दिवाळीला, ह्याच ताटावर. तू हसलास."

"मग पुन्हा सांगायचंस ना."

"तेही खरं," आई म्हणाल्या. "एकदा हाळी देऊन खाली पोचली नाही तर दादासुद्धा बांधावर येऊन पुन्हा द्यायचा. मी पदर सावरून बसले." आणि त्यांनी त्याला दही वाढलं.

नव्या डबीचे आणि मजुरीचे मिळून दीडशे पौंडांच्या आत भागलं. बॉयलरचा करार बारगळला. थर्मोस्टॅट मात्र उगाचच नवा आला तो आला. जुना, धडधाकट, ओवीच्या खेळण्यांत आहे. आई मार्चअखेरीला परत गेल्या आणि जाताना कालनिर्णयच्या पुढच्या पानावरच्या चौकटी ओवीच्या हवाली करून गेल्या.

विलायतेत मुलामुलींकडं हिवाळ्यात असाल, आणि घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल, तर एवढं जरूर करा. घर गार पडायला लागलं की गरम पाण्याचं बटण बंद ठेवून नुसतं हीटिंग लावा आणि बॉयलर पेटतो का ते बघा. पेटला नाही, पण पाणी चालू केल्याबरोबर पेटून रेडिएटरही तापले, तर बॉयलरला दोष देण्याआधी त्या डबीतला स्विच तपासून घ्या. डबी स्वतः उघडू नका. थर्मोस्टॅट बंद असला तरी करड्या तारेत वीज असते. गॅसच्या बाजूला तर तिकडं गॅस सेफ नोंदणी असलेल्यानंच हात लावायचा, तसा कायदाच आहे. आणि फिटर दारात आला की आधी त्याची गाठ दिवसभर घरात असणाऱ्या माणसाशी घालून द्या, भाषेची अडचण असली तरी.